नाही म्हणताय ना? लिहून द्या

बाई आधी चोपडी काढायच्या. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानदार वापरतात तसली लांबट. ती उघडून कोरं पान समोरच्या माणसाकडे वळवायचं, टोपण चावलेलं निळ्या शाईचं पेन त्यावर आडवं ठेवायचं आणि शांतपणे म्हणायचं, "नाही म्हणताय ना? मग लिहून द्या."

आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. उलट चेहऱ्यावर मदत करण्याची तयारी, जणू पोस्टात कुणाला तरी फॉर्म भरून द्यायला बसल्या आहेत. समोरचा माणूस पेनाकडे बघायचा, मग दाराकडे, मग मोबाईलकडे. बहुतेकांना नेमका त्याच क्षणी एखादा फोन यायचा.

दुबईतल्या एका खाजगी कॉलेजात मी सोळा वर्षं काम करतो आहे. त्यातली पहिली बरीच वर्षं 'स्टुडंट सर्व्हिसेस' या खिडकीमागे गेली. मुलांचे व्हिसा, विमा, ना-हरकत पत्रं. कागदोपत्री हे असलं, तरी माझं खरं काम वरच्यांचं 'नाही' खालच्यांना पोचवण्याचं होतं. आणि हे 'नाही' कधीही कागदावर येत नसे. तुमच्याही ऑफिसात पाहा. 'बघू', 'वरून आलेलं नाही', 'सिस्टीम घेत नाही'. ईमेल आली तरी खाली माणसाचं नाव नसतं, नुसतं 'टीम' असतं. त्या टीमला मी आजवर कधी भेटलेलो नाही, आणि मी स्वतः त्या टीममध्ये होतो.

बाई तिथे इतिहास शिकवायच्या. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातल्या कोकणी मुसलमान कुटुंबातल्या. सुती सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, पायात कॅनव्हासचे बूट. अल कुसैसमध्ये एका खोलीत एकट्या राहायच्या. पहिल्या दिवशी मी सगळ्यांसारखं 'मॅडम' म्हटलं तर म्हणाल्या, "दातार, तुम्ही मराठी आहात ना? मग बाई म्हणा. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाई म्हणतात." तेव्हापासून मी त्यांना बाई म्हणू लागलो, आणि माझं ऐकून तीन-चार मल्याळी प्राध्यापकही म्हणू लागले.

मी एकदा विचारलं होतं, "बाई, तुमची ही वही कधी संपत नाही का? मी आलो तेव्हापासून हीच बघतोय."

"संपेल कशी?" त्या म्हणाल्या. "लोक लिहितच नाहीत."

आमचे डायरेक्टर लखनौचे. इतक्या गोड भाषेत नकार द्यायचे की माणूस आभार मानून बाहेर पडायचा आणि लिफ्टमध्ये त्याच्या लक्षात यायचं. इतकी वर्षं इथे काढल्यामुळे त्यांच्या तोंडी 'इन्शाल्ला' छान बसलं होतं. ते 'इन्शाल्ला' म्हणाले की आम्ही फाईल कपाटात ठेवायचो. बाईंना याचा फार राग. एकदा त्यांनी डायरेक्टरांना तोंडावर सुनावलं, "सर, अल्लाह का नाम 'ना' छुपाने के लिए मत लीजिए. ना है तो ना लिख दीजिए." पाच वेळा नमाज पढणारी बाई असं म्हणते म्हटल्यावर डायरेक्टरांनी चहा मागवला.

तर कॉलेजची एक उन्हाळी सहल असायची. सहल म्हणायचं नाही, 'समर स्टडी ॲब्रॉड'. दर जुलैमध्ये चार आठवडे लंडन. मुलं दोन लेक्चरं ऐकायची, उरलेल्या वेळात खरेदी करायची आणि सर्टिफिकेट घेऊन परत यायची. बाईंनी एका वर्षी अर्ज दिला की लंडन पुरे झालं, आता मुलांना त्रिनिदादला न्यायचं. कॅरिबियन बेटांचा इतिहास आणि संस्कृती, चार आठवडे, बरोबर त्या स्वतः.

"कॅरिबियन?" डायरेक्टर हसले. "मैडम, क्रिकेट दिखाने ले जाएँगी?"

तीन वर्षं तो अर्ज तोंडी नाकारला गेला. तीनही वर्षं चोपडी उघडली, तीनही वर्षं डायरेक्टरांना फोन आला. मला मात्र हे बेटांचं खूळ कुठून आलं ते कळत नव्हतं. एकदा कँटीनमध्ये विचारलंच. बाई चहात साखर ढवळत होत्या. चमचा माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "ही तिथे पिकायची. आफ्रिकेतून माणसं साखळ्या घालून आणली आणि त्यांच्याकडून पिकवली. गुलामी बंद झाली, तेव्हा हिंदुस्थानातून माणसं आणली, कागदावर अंगठा उठवून. त्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांतल्या कितीजणांना वाचता येत होतं?" मग चहा प्यायल्या आणि थोड्या वेळानं, जरा अवघडून, खरं कारण सांगितलं.

"माझा बाप बोटीवर होता. दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. त्यानं जगातली सगळी बंदरं पाहिली, मला एक दाखवलं नाही. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला लोक तेलाच्या पिंपावर गाणी वाजवतात, असं सांगायचा. मला वाटायचं, थापा मारतो. ते मला बघायचंय."

"मग सुट्टीत जाऊन या की, बाई."

"एकटी बघून काय करू? मी शिकवणारी बाई आहे. बरोबर वर्ग पाहिजे."

हे त्या अगदी सरळपणे म्हणाल्या. साठीला टेकलेल्या बाईला जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, आणि तेही पोरांचा घोळका घेऊन. त्यांच्या नोकरीची दीड वर्षं उरली होती. साठ झाले की इथे करार संपतो, करार संपला की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणूस विमानात.

चौथ्या वर्षी लंडनच्या सहलीला पुरेशी नावंच आली नाहीत. मुलांनी आपापल्या आईबापांबरोबर लंडन तीन-तीनदा पाहिलेलं. डायरेक्टरांनी नाइलाजानं बाईंच्या अर्जाला मान्यता दिली. अट एक, बारा विद्यार्थी पाहिजेत. आणि एक गोड सूचना. "मैडम, पैरेंट्स को इंडियन हेरिटेज अच्छा लगेगा. अपने लोग, रोटी, मंदिर, मस्जिद. वो ग़ुलामी वाला हिस्सा ज़रा रहने दीजिए. बच्चे उदास हो जाएँगे."

मी शेजारीच फाईल धरून उभा होतो. चोपडी बाहेर आली.

"गुलामीचा इतिहास शिकवू नये, असं लिहून द्या, सर. खाली सही करा," बाई हिंदीत म्हणाल्या. "आपले लोक तिथे नंतर गेले. ज्यांना आधी साखळीत नेलं त्यांचं आधी शिकवणार. आपल्यांचं त्यानंतर. क्रम मी नाही ठरवला, त्यांना नेणाऱ्यांनी ठरवला."

डायरेक्टरांनी पेन उचललं, पानावर टेकवलं. निळा ठिपका उमटला. मग त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, "आप तो सीरियस हो गईं." अभ्यासक्रम होता तसा राहिला.

अकरा नावं लवकर जमली. बारावं नाव आफरीनचं होतं. दुसऱ्या वर्षाला होती, वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात गप्प. तिचे वडील श्रीवर्धनकडचे, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या गॅरेजमध्ये फोरमन. त्यांनी नाही म्हटलं. आफरीननं बाईंना येऊन सांगितलं, "अब्बा सेड नो. इट्स ओके, मॅम." ओके असताना डोळे असे लाल होत नसतात, हे बाईंना कळत होतं.

त्या शुक्रवारी बाई मला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मी कशाला, तर व्हिसा-विम्याचं काही विचारलं तर सांगायला. दोन खोल्यांचा फ्लॅट, बाल्कनीत वाळत घातलेले गॅरेजचे निळे डगले. आफरीनच्या आईनं शिरखुर्मा दिला. वडील हातावरचे तेलाचे डाग अजून निघाले नाहीत म्हणून हात मांडीखाली लपवून बसले होते.

"बाई, तुमचा मान आहे," ते म्हणाले. "पण मुलगी जात, इतक्या लांब. आमच्यात कुणी पाठवली नाही. गावात काय बोलतील? तुम्हाला तर माहीत, आपल्याकडचे लोग कसे आहेत."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. चोपडी उघडली, पेन ठेवलं. "मी भांडायला आले नाही. तुमची मुलगी, तुमचा हक्क. फक्त लिहून द्या. ती चाळीस वर्षांची होईल आणि विचारेल, मी का नाही गेले, तेव्हा दाखवायला कागद हवा. नाहीतर ती म्हणेल, बाईंनी नेलंच नाही."

मला वाटलं, हा माणूस आता उठून आम्हाला दार दाखवणार. पण त्यांनी मांडीखालचा हात काढला, पेन घेतलं आणि लिहायला लागले. अक्षर वळणदार, शाळेत घोटलेलं. 'मी माझी मुलगी आफरीन हिला'. एवढं लिहून हात थांबला. स्वैपाकघराच्या दारात आई उभी होती, तिच्या मागे आफरीन. वडील मुलीच्या नावाकडे बघत राहिले. पंखा गरगरत होता. मी शिरखुर्म्याच्या वाटीत बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"तिथे करतात काय लोग?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मोहरममध्ये ताजिये काढतात. हिंदूही असतात त्यात, हबशीही. आणि ताशे वाजवतात."

"ताशे? आपल्यासारखे?"

"नाव पण तेच. आणि वर्षभर तेलाची पिंपं वाजवतात. मला एक रिकामं पिंप हवंय वर्गात दाखवायला, मिळत नाहीये."

वडिलांनी चोपडी मिटून बाईंच्या हातात दिली. "गॅरेजात पडलेत ना," ते म्हणाले. "एक कशाला, दोन पाठवतो. यल्ला, चला, शिरखुर्मा थंड होतोय."

त्या घरात होकार असा दिला जातो. खाली उतरताना बाईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "धूळ किती आहे या भागात."

पिंपं सोमवारी आली. सिक्युरिटीवाल्यानं आत घ्यायला नकार दिला, पण चोपडी उघडलेली पाहताच पिंपं आत सोडली. बाईंनी एक पिंप वर्गाच्या मधोमध उलटं ठेवलं आणि बारा मुलांना भोवती उभं केलं. "गोऱ्या साहेबानं त्यांच्या ढोलांवर बंदी घातली," त्या सांगत होत्या. "मग त्यांनी बांबू आपटून वाजवले. बांबूंवर बंदी आली. मग बिस्किटांचे डबे, मोटारींचे सुटे भाग, आणि शेवटी ही पिंपं. ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. आता तुम्ही ठोका." त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या अकाउंटन्सीच्या परीक्षेत व्यत्यय आला. तक्रार माझ्या खिडकीवर आली. तोंडी.

मे महिन्यात, तिकिटं निघाल्यावर, डायरेक्टरांनी मला बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"दातार भाई, मैडम जुलाई में साठ की हो रही हैं. इतना लंबा सफ़र, इतने बच्चे. कुछ हो गया तो? रिस्क है. प्रोग्राम जाएगा, किसी यंग टीचर को भेजते हैं. आप मैडम को बता दीजिए, प्यार से."

"मेल कर दूँ, सर?"

"अरे, मेल क्यों? आप तो उनके अपने आदमी हैं. मराठी में समझा दीजिए. खलास."

बाई स्टाफरूममध्ये एकट्याच होत्या. टेबलावर तेरा गोल लेबलं मांडलेली, बॅगांना बांधायची. बारा मुलांची आणि एक त्यांचं. त्यांना सुतळी ओवत होत्या. मी सांगितलं. जसं सांगितलं गेलं तसं, प्यारानं. बाई हलल्या नाहीत. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होतो, पण चोपडीच्या पिशवीकडे हात गेला नाही असं पहिल्यांदाच झालं.

"वर्ग जाणार ना पण नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"बरं," त्या म्हणाल्या. स्वतःचं लेबल उचलून बाजूला ठेवलं आणि बाराव्या लेबलात सुतळी ओवायला लागल्या. खोटं कशाला बोला, मला सुटल्यासारखं वाटलं. मी दारापर्यंत पोचलोही होतो.

"दातार."

मी वळलो.

"बरं नाही," बाई म्हणाल्या. "यात बरं काय आहे?" आणि चोपडी उघडून कोरं पान माझ्याकडे वळवलं. "लिहून द्या."

आता माझं ऐका. माझा व्हिसा, बायकोचा व्हिसा, मुलीची अकरावी, शारजाला अल मजाजमधल्या फ्लॅटचा करार, हे सगळं त्या एका कॉलेजच्या शिक्क्यावर उभं होतं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, ते मला सांगू नका. मी मोबाईलकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी इतक्या लोकांना नेमक्या वेळी फोन आलेला पाहिला होता. मला नाही आला.

आणि मला भयंकर राग आला. बाईंचा नाही. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे नकार तोंडात धरून इकडून तिकडे नेले, आणि आज हा एक माझ्या जिभेवर कडू झाला. मी बसलो आणि लिहिलं. 'डायरेक्टर साहेबांनी मला आज तोंडी सांगितले की बाईंना साठ वर्षे पूर्ण होत असल्याने त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर जाऊ नये. कारण विचारले नाही, त्यांनी आपणहून "रिस्क" असे सांगितले. ईमेल करू नका, असेही सांगितले.' मराठीत समजवायला सांगितलं होतं, म्हणून मराठीत.

बाईंनी वही तपासावी तसं वाचलं. "सही?"

सही केली.

"हुद्दा? तारीख?"

तेही लिहिलं. मग त्या उठल्या, ओढणी सारखी केली आणि चोपडी घेऊन वर गेल्या. मी मागोमाग. माझे पाय का गेले ते मला अजून सांगता येत नाही.

डायरेक्टर लखनौचे, त्यांना देवनागरी वाचता येत होती, मराठी येत नव्हती. त्यामुळे ते एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं वाचत गेले. 'डायरेक्टर' वाचून मान डोलावली. 'तोंडी'पाशी अडले. मी म्हटलं, "मुँह से, सर." 'रिस्क' वाचल्यावर त्यांचा आवाज खाली आला, आणि 'ईमेल'पर्यंत पोचले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, जणू टेबलावरचं पेपरवेट अचानक बोलायला लागलं.

"हे पान मी कॉलेजच्या चेअरमनसाहेबांना दाखवणार आहे," बाई हिंदीत म्हणाल्या. "त्यांचं वय एकोणऐंशी आहे. साठीची रिस्क त्यांना समजेल."

डायरेक्टर हसले. "मैंने ऐसा कब कहा, मैडम? मैंने तो दातार भाई से कहा था कि मैडम अपना ख़याल रखें. ये ग़लत समझ गए. आप ज़रूर जाइए."

"मग तसं लिहून द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी तेही लिहिलं नाही. पण बाई गेल्या.

मला जूनच्या पहिल्या तारखेपासून स्टुडंट सर्व्हिसेसमधून काढून ट्रान्सपोर्टला टाकलं. अर्थात तोंडी. कॉलेजच्या बसगाड्यांच्या वेळा, ड्रायव्हरांच्या पाळ्या, तळमजल्यावर बिनखिडकीची खोली. घरी बायको दोन दिवस बोलली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो कूल," आणि मग जरा थांबून, "पण आपला व्हिसा?" व्हिसा राहिला. इतकं मोठं पाप मी केलं नव्हतं, नुसतं खरं लिहिलं होतं.

जुलैमध्ये एकदा बाईंचा फोन आला. तिकडे सकाळ होती. मागे कोंबडे आरवत होते. त्यांनी वर्गाला आधी एका ओसाड पडलेल्या साखरेच्या मळ्यावर नेलं होतं, भर उन्हात उभं केलं होतं आणि तिथे राबलेल्यांची माहिती वाचून दाखवली होती. "कुणी उदास होऊन आजारी पडलं नाही, डायरेक्टरांना सांगा," त्या म्हणाल्या. मग तिथल्या सरकारी दफ्तरखान्याची गोष्ट सांगितली. तिथे हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांची रजिस्टरं आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. काउंटरवरची म्हातारी बाई म्हणाली, रजिस्टरं नाजूक आहेत, आज दाखवता येणार नाहीत. आमच्या बाईंनी सवयीनं चोपडी उघडली, पेन ठेवलं, लिहून द्या म्हणाल्या.

"आणि दातार, तिनं चष्मा लावला आणि लिहून दिलं!" बाई इतक्या हसत होत्या की मला पुढचं नीट ऐकू येईना. "'उद्या सकाळी नऊला या. मी स्वतः काढून ठेवते.' खाली सही, हुद्दा, तारीख. मी काही न सांगता."

"मग गेलात?"

"पावणेनऊला."

"आणि पिंपं?"

"वाजवतात," त्या म्हणाल्या. "बाप थापा मारत नव्हता."

परत आल्यावर महिन्याभरात बाईंचा करार संपला. निरोप समारंभात डायरेक्टरांनी फार सुंदर भाषण केलं. बाई गावी गेल्या, खाडीकाठच्या घरात. अधूनमधून फोन व्हायचा. मग एका वर्षी ईदच्या शुभेच्छांना उत्तर आलं नाही. चार दिवसांनी त्यांच्या भाच्याचा फोन आला की बाई गेल्या, झोपेतच. मी बसच्या वेळापत्रकासमोर बसून होतो. ड्रायव्हर येऊन काहीतरी विचारून गेला, मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

गेल्या महिन्यात आफरीन माझ्या तळमजल्यावरच्या खोलीत आली. आता ती आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवते. सुट्टीत कोकणात गेली होती, तेव्हा मुद्दाम बाईंच्या गावी जाऊन आली. भाच्यानं तिला एक वस्तू दिली होती. तिनं पिशवीतून ती लाल चोपडी काढली.

आम्ही पानं उलटत बसलो. जवळजवळ सगळी कोरी. पण नीट बघितलं तर कोऱ्या पानांवर ठिपके होते. पेन टेकवून उचललेले निळे, काळे, एखादा हिरवा. इतक्या लोकांची हिंमत तेवढीच पुरली होती. काही पानांवर एखादा शब्द. मग आफरीनच्या वडिलांचं पान आलं. 'मी माझी मुलगी आफरीन हिला'. आणि त्यापुढे, त्याच वळणदार अक्षरात पण वेगळ्या शाईनं, 'पाठवले.'

"अब्बांनी एअरपोर्टवर लिहिलं," आफरीन म्हणाली. "आम्ही परत आलो तेव्हा. ही जस्ट आस्क्ड फॉर द बुक."

त्यानंतर माझं पान. त्यानंतर त्या म्हाताऱ्या बाईचं, सकाळी नऊचं. मला वाटलं, संपलं. पण आफरीननं चोपडी उलटी केली आणि दुसऱ्या टोकाकडून, उर्दू वाचतात तशी उघडली. ते टोक मी कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या पानावर पिवळ्या पडलेल्या कागदावर उर्दूत एक ओळ होती आणि खाली जोरकस सही. मला वाचता येईना. तिनं वाचून दाखवलं.

"'मी लिहून देतो की माझी मुलगी सातवीच्या पुढे शिकणार नाही.'"

बोटीवर निघायच्या आधी बापानं लिहिलेलं. भाच्यानं सांगितलं म्हणे, बारा वर्षांच्या पोरीनं बापाला अडवून म्हटलं होतं, तुम्ही दोन वर्षं दिसणार नाही, मग सगळे मला तुमचं नाव सांगून अडवणार. खरंच नाही म्हणताय तर लिहून द्या. आणि त्या एका माणसानं, रागानं का होईना, लिहून दिलं होतं.

बापाच्या सहीखाली बाईंच्या हातच्या ओळी होत्या, एकेक वेगवेगळ्या शाईत. आफरीन बोट ठेवून वाचत गेली. खाडीपलीकडचं हायस्कूल. दहावी. बी.ए., रत्नागिरी. एम.ए., मुंबई. नोकरी, दुबई. आणि शेवटची ओळ, "पोर्ट ऑफ स्पेन. वर्गासकट."

मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आफरीननं पाण्याची बाटली पुढे केली. मग म्हणाली, "काका, या वर्षीचा त्रिनिदादचा प्रोग्राम ते कॅन्सल करतायत. मी नेते म्हटलं, तर नाही म्हणाले. यू आर टू यंग, म्हणे. रिस्क आहे."

"कुणी सांगितलं?"

"डायरेक्टर सरांनी. लिफ्टमध्ये, जाता जाता."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिनं चोपडी पुन्हा सरळ केली आणि सकाळी नऊच्या पानानंतरचं कोरं पान उघडलं.

"काका, पेन आहे?"

माझ्या खिशात होतं. टोपण चावलेलं. ही सवय मला कधी लागली, कळलं नाही. मी दिवा मालवला, खोलीला कुलूप घातलं आणि तिच्याबरोबर लिफ्टनं वर गेलो. त्या दिवशी साडेचारची बस माझ्यामुळे वीस मिनिटं उशिरा सुटली. कुणाची तक्रार असेल तर त्यांनी लिहून द्यावी.